काकीच्या नावावरचा डेपो

मुळशी तालुक्याची दोन टोकं एकमेकांच्या फारशी ओळखीची नाहीत. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी. काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं, संध्याकाळी तुंबणारे चौक. पश्चिमेला ताम्हिणी, जिथं जुलै 2024 मध्ये चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हिंजवडीच्या दक्षिणेनं पौड रस्ता जातो. चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, मग तालुक्याचं ठाणं पौड, आणि पुढं धरणाच्या कडेकडेनं कोकणाकडं. या रस्त्याला लागून बांधकाम साहित्याचे डेपो आहेत. समोर सिमेंटचा गाळा, बाजूला खडीचे, वाळूचे ढीग, मागं विटांच्या थप्प्या, आणि कडेला उभा एखादा टिपर, ज्याला इकडं सगळे सरसकट हायवाच म्हणतात.

हिंजवडीतल्या इमारतींत बसून जगभरातल्या कंपन्यांचे हिशेब, साठे आणि मालाच्या गाड्या एका धाग्यात ओवणारी सॉफ्टवेअर्स बसवली जातात. ती बसवणाऱ्यांतलीच मी एक. युरोपातल्या एका गिऱ्हाइकाच्या गोदामातून ट्रक किती वाजता सुटावा हे मी हिंजवडीतल्या चौथ्या मजल्यावरून ठरवते. त्या मजल्याखालची खडी कुठल्या क्रशरची, असा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. मला पडायचा, कारण त्या भागात अशी खडी पोचवणाऱ्यांत माझ्या काकांचाही डेपो होता. खरं सांगायचं तर काकांचा नाही. कागदावर तो काकीचा होता.

2018 साली 'मुळशी पॅटर्न' आला तेव्हापासून आमच्या तालुक्याचं नाव काढलं की लोकांना विकलेल्या जमिनी आणि वाया गेलेली पोरं आठवतात. खोटं नाही ते. पण जमिनीच्या पैशातून टिपर घेतलेले, जेसीबी घेतलेले, आणि पहाटे पाचला स्वतः इंजिन तापवणारेही पुष्कळ होते. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. हप्ते वेळेवर भरणाऱ्या माणसात नाट्य कमी असतं.

डेपो सुरू झाला नव्वदीच्या दशकाच्या शेवटी, हिंजवडीत आयटी पार्कची पहिली बांधकामं उठत होती तेव्हा. काकांच्या नावावर आधीच ट्रॅक्टरचं कर्ज होतं, म्हणून दुकानाचा परवाना, बँकेचं खातं, विक्रीकराचा नंबर सगळं काकीच्या नावानं काढलं. गावात अशा किती तरी बायका मालकीण असतात. सही मागितली की पदराला हात पुसून येतात, बोट ठेवलेल्या जागी सही करतात आणि परत चुलीकडं जातात. काकीबद्दलही सगळ्यांची समजूत तीच होती.

फोन मात्र घरात होता. डेपोवर लाईन मिळाली नव्हती, त्यामुळं पहिली काही वर्षं प्रत्येक ऑर्डर स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या काळ्या डबड्यावर यायची आणि ती घ्यायची काकी. शेजारी कालनिर्णय. दुधाचा हिशेब ज्या चौकटीत लिहायचा तिथंच ती गाड्या लिहायची. तिची लिपी तिचीच होती: खडीला ख, वाळूला वा, आकडा ब्रासचा, मग गावाचं पहिलं अक्षर. एखाद्या चौकटीत चतुर्थी, दूध दीड लिटर आणि उरवड्याला दोन ब्रास खडी अशी गर्दी असायची. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर टाकायचं नाही. पोटमाळ्यावर सुतळीनं बांधलेला कॅलेंडरांचा गठ्ठा होता आणि कुणी उधारीवरून हुज्जत घातली की ती शिडी लावायला सांगायची.

कागदाचं हे वेड तिच्या माहेरचं. टाटांच्या मुळशी धरणात ज्यांची भातखाचरं बुडाली त्या घरांपैकी तिचं घर. 1921 च्या रामनवमीला धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या मातीत जाऊन बसणाऱ्या बायाबापड्यांत काकीची पणजी होती असं घरात सांगतात. काम काही काळ थांबलं, पुढं धरण झालंच, पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागलं, आणि खाली आंबेमोहर पिकवणारी माणसं वरच्या मुरमाड उतारावर सरकली. काकी म्हणायची, "आमच्याकडं कागद नव्हता, त्यांच्याकडं व्हता. बास, एवढीच गोष्ट." म्हणून आमच्या डेपोचं प्रत्येक चलन सहीनिशी परत यायलाच पाहिजे असा तिचा दंडक. ती चलनं तारेत ओवलेली असत आणि तार भरली की पोत्यात. पावसाळ्यात त्या पोत्यांना जो कुबट वास यायचा तो मला अजून कुठंही ओळखता येईल.

आता जे काम मी करते त्याला नियोजन म्हणतात. तेव्हा काकी जे करायची त्याला काहीच म्हणत नव्हते.

सकाळी तिच्याकडं आठ-दहा मागण्या आणि तीन गाड्या असायच्या. कुठली गाडी कुठं, हे ठरवताना ती आधी स्लॅब बघायची. स्लॅबचा दिवस हलत नाही. सेंट्रिंग लागलं, सळई बांधून झाली, मिक्सर आणि बिगारी ठरले, की खडी, वाळू, सिमेंट आदल्या दिवशी जागेवर पडलेलं असलं पाहिजे. स्लॅब एकदा चालू झाला की मधे थांबवता येत नाही, सांधा राहतो, पुढं तिथूनच गळतं. त्यामुळं स्लॅबवाला पहिला. प्लॅस्टरवाला दोन दिवस थांबू शकतो, पण त्याच्याकडं बाहेरगावचे गवंडी असतील तर नाही, कारण ते बसून राहिले तरी मजुरी चढते. पायाचा डबर कधीही चालतो. मग रस्ता. उरवड्याकडं एक चढ असा होता की भरलेला टिपर पावसात चढायचाच नाही, तिथं ट्रॅक्टर-ट्रॉली. एका वाडीत वळण इतकं अरुंद की तिथं फक्त एकच जुना ड्रायव्हर न्यायचा. मग माणूस. याच्याकडं रोख, त्याच्याकडं भात विकल्यावर, तिसऱ्याकडं कधीच नाही पण गाडी द्यायचीच. हे सगळं ती भाकऱ्या थापता थापता जुळवायची आणि काका डेपोवर पोचेपर्यंत ड्रायव्हर निघालेले असायचे. काका गिऱ्हाइकांशी बोलायचे, क्रशरवाल्याशी दर पाडायचे, ग्रामपंचायतीत बसायचे. धंदा ते चालवतात असं सगळ्या गावाला वाटायचं, आणि त्यांनाही.

ब्रास हे माप तिनंच मला शिकवलं. हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटात घ्यायची, गुणायची, शंभरानं भागायचं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. वाळूचा ब्रास वजनाला साधारण साडेचार टन. इथवर सोपं आहे. गंमत पुढं आहे. वाळू किंचित ओली झाली की फुगते, पाण्याच्या पापुद्र्यानं कण एकमेकांपासून लांब राहतात. बारीक वाळू पाव हिश्शानंसुद्धा फुगू शकते, आणि पूर्ण भिजली की परत खाली बसते. म्हणजे जो ब्रासनं घेतो त्याच्या हौद्यात ओलसर वाळू कमी बसते, आणि जो काट्यावर टनानं घेतो तो पाण्याचेही पैसे भरतो. काकीला यातलं भौतिकशास्त्र माहीत नव्हतं, पण पहिला पाऊस पडला की ती ड्रायव्हरांना सांगायची, "ब्रासवाल्यांना शीग लावा." म्हणजे हौदा कडेपर्यंत नाही, वर ढीग. धान्य मापताना पायलीला लावतात ती शीग तिनं टिपरला लावली. काका कुरकुरायचे. ती म्हणायची, "भाद्रपदात कळतं त्यांना, वाळू कुठं गेली ते."

तेव्हा वाळू नदीची होती. आमच्या मुळा-मुठेत ती फार नव्हतीच, चांगली वाळू भीमेची, दौंड-शिरूरकडून रात्रीतून येई. पुढं उपशावर बंधनं आली, लिलाव अडले, न्यायालयं आणि हरित लवाद मधे पडले, आणि दगड फोडून केलेली क्रश सँड तिच्या जागी बसली. जुने गवंडी पहिल्यांदा तिला नाक मुरडायचे, हाताला टोचते म्हणायचे. 2025 मध्ये राज्य सरकारनं या कृत्रिम वाळूसाठी वेगळं धोरणच आणलं. काकीला ते बघायला मिळालं नाही, पण तिनं तो बदल दहा वर्षं आधी ओळखला होता: भीमेच्या गाड्यांची चौकट कॅलेंडरावर कोरी राहू लागली होती.

संगणक आमच्याकडं आला तो व्हॅटबरोबर, 2005 नंतर. हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि पौडचा एक मुलगा महिन्यातून दोनदा येऊन चलनांच्या तारा सोडवून आकडे भरू लागला. ते खरं तर यंत्रात केलेलं खतावणीचंच काम. गाडी आज गेली, नोंद पंधरा दिवसांनी. मधल्या पंधरवड्यात डेपोत किती सिमेंट आहे ते विचारायचं तर थप्प्या मोजायच्या, नाही तर काकीला विचारायचं. पोती जुनी होऊन गोळे धरले की ती थप्पी कुठली हेही तिलाच ठाऊक.

मग जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि कागदाला वेग आला. वर्षभरात ई-वे बिल. आमच्याकडं राज्यातल्या राज्यात लाखावरच्या मालाला ते लागतं, म्हणजे सिमेंट-सळईच्या भरल्या गाडीला. वाळू-खडीची खेप त्या रकमेत सहसा बसत नाही, पण तिच्यामागं महसूल खात्याचा महाखनिजचा वाहतूक पास. त्यावर गाडीचा नंबर, माल, ब्रास, आणि वेळ. वेळ संपली की पास मेला, मग गाडी कोंडीत अडकली असो की पंक्चर झालेली असो. एका खेपेला चार ठिकाणी तेच आकडे भरायचे: चलनात, काट्याच्या पावतीवर, सरकारी संकेतस्थळावर, हिशेबात. चार ठिकाणी लिहिलं की एका ठिकाणी चुकतं. एकदा गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला म्हणून आमचा ड्रायव्हर रात्रभर तहसीलच्या आवारात बसून होता. त्याची बायको सकाळी डबा घेऊन काकीकडंच आली.

दादानं, म्हणजे काकीच्या मुलानं, लॉकडाऊन उठल्यावर सगळं एकत्र करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. माझा सल्ला विचारला. मी त्याला म्हटलं घे, आणि आजही तेच म्हणेन. यंत्र आलं, माणुसकी गेली, अशा छापाचं रडगाणं मला गाता येत नाही. मी त्या सकाळी डबा घेऊन आलेली बाई पाहिलेली आहे. बसल्या जागी पास निघणं, गाडीचा नंबर एकदाच भरला जाणं, ही तिच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे.

झालं असं. मागणी आली की ती एकदाच भरायची. गिऱ्हाईक निवडलं की त्याची बाकी, उधारीची मर्यादा, जागेचा पत्ता समोर. मर्यादा ओलांडली असेल तर पडदा लाल आणि गाडी सुटत नाही. सुटत असेल तर गाडी नेमली जाते. गाडी काट्यावर चढली की रिकामं आणि भरलेलं वजन तारेतून थेट आत येतं, कुणी हातानं लिहीत नाही, त्यामुळं काट्यावरची जुनी हातचलाखी बंद. वजनावरून बिल, बिलावरून ई-वे बिल, ड्रायव्हरच्या फोनवर पत्ता, गिऱ्हाइकाला संदेश. नकाशावर गाडी हलताना दिसते. माल खाली केला की फोटो काढायचा, तो चलनाला चिकटतो, साठा कमी होतो, खात्यावर रक्कम चढते, महिनाअखेरचं विवरणपत्र जवळजवळ आपोआप तयार. पूर्वी पंधरा दिवसांनी कळायचं ते आता गाडीचा फाळका बंद व्हायच्या आत कळतं. दादा सहा महिन्यांत दोन गाड्या जास्त फिरवू लागला, त्याच ड्रायव्हरांत. आणि ड्रायव्हर संध्याकाळी घरी जाऊ लागले.

काकीचं काय होणार, ही काळजी आम्हा सगळ्यांना होती. दादानं तिला डेपोतल्या केबिनमध्ये खुर्ची दिली, पडद्यासमोर. तिला वाईट वाटेल म्हणून. ती तिथं बसली आणि आठवड्याभरात तिनं केबिन ताब्यात घेतली. नकाशा तिला भयंकर आवडला. आयुष्यभर गाड्या पाठवल्या, पण त्या कुठं जातात ते तिनं बघितलेलं नव्हतं. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोटानं पाडला. त्याच्या आधी आणि नंतर आमच्या गाड्या तिथं तासन्‌तास रुतायच्या, तेव्हा ती पडद्यावरच्या टिंबांना "हल की रे बाबा" म्हणायची. मुळशीच्या पलीकडं, माले गावापुढं, डोंगरात रेंज जाते आणि टिंब गोठतं. दादा घाबरून ड्रायव्हरला फोन लावायचा. काकी म्हणायची, "थांब, तिथं मुका प्रदेश हाय. वडाच्या झाडापाशी बोलंल." तसंच व्हायचं. यंत्र तोवरची हालचाल साठवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम ओकतं, ही माहिती मी तिला दिली. तिला त्यात नवल वाटलं नाही. "ड्रायव्हर बी तसंच करतात," म्हणाली.

भांडणंही व्हायची. सॉफ्टवेअर जवळची गाडी नेमायचं, काकी ती बदलायची. बदलायची तर कारण द्यावं लागतं आणि कारणांची यादी ठरलेली होती: गाडी नादुरुस्त, चालक गैरहजर, गिऱ्हाइकाची विनंती. काकी दरवेळी तिसरं निवडायची. महिनाअखेरीला अहवाल आला की आमच्या गिऱ्हाइकांइतक्या विनंत्या करणारी माणसं पुणे जिल्ह्यात नसतील असं वाटायचं. ब्रास आणि टनाचं तर विचारूच नका. मालाच्या यादीत एका ब्रासला किती टन हा एकच आकडा ठेवायची सोय होती. जूनमध्ये काकीनं दादाला तो बदलायला लावला, ऑक्टोबरात परत. दादाचा सनदी लेखापाल वैतागला. मी गप्प राहिले, कारण माझ्या युरोपातल्या गिऱ्हाइकाकडं वाळूची ओल मोजणारं वेगळं यंत्र बसवलेलं आहे आणि ते नेमकं हेच करतं.

ती गेली 2024 च्या नवरात्रात, दुसऱ्या माळेला, रात्री. कावीळ साधी वाटली होती, साधी नव्हती. पुण्यातल्या दवाखान्यात तिचा बराचसा वेळ फोन चार्जिंगला कुठं लावायचा यात गेला, कारण नकाशा फोनवरही दिसायचा. शेवटचे दोन दिवस तिनं तो मागितला नाही, तेव्हा आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळेकाठी सरण रचत होते. पाच तारीख. तेवढ्यात आजूबाजूला उभ्या असलेल्यांचे फोन वाजायला लागले, एका मागोमाग एक. थकबाकीची आठवण करून देणारा संदेश दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी दहाला आपोआप जायचा आणि त्याच्याखाली मालकिणीचं नाव असायचं, काकीचं, पूर्ण, नवऱ्याच्या आणि आडनावासकट. जे खांदा द्यायला आले होते त्यातले निम्मे आमचे देणेकरी. एक म्हातारा ठेकेदार फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचत होता. त्यानं वर बघितलं, काकांना बघितलं, फोन खिशात ठेवला, आणि मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवून उभा राहिला. थोड्या वेळानं काकाही हसले. मला त्या दिवसातलं एवढंच नीट आठवतं.

संदेश बंद करायला मी केबिनमध्ये गेले तेव्हा मागण्या येतच होत्या. भूगावला एकाचा स्लॅब होता, तो थांबवता येण्यासारखा नव्हता. दादा सुतकात होता, काका कुठं तरी बसलेले. माल आदल्याच दिवशी तिथं पडलेला निघाला. दवाखान्यात जायच्या आधी काकीनं ती गाडी आगाऊ लावून ठेवली होती. त्या दसऱ्याला आमच्या गाड्यांना झेंडू लागला नाही.

आणि मग तिच्या नावाचा प्रश्न आला. एकट्याच्या मालकीचा धंदा मालकाबरोबर संपतो, कायद्यानं. तिच्या जीएसटी क्रमांकावर आता एकही बिल काढता येईना. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी रद्द करायच्या अर्जात कारणांची यादी उघडते. धंदा बंद केला, धंद्याचं स्वरूप बदललं, विलीनीकरण झालं, अशा कारणांत एक ओळ आहे: एकल मालकाचा मृत्यू. त्या यादीत मृत्यूची ओळ असेल असं मला का कोण जाणे वाटलं नव्हतं. मी ती निवडली. पुढं तारीख विचारतात.

दादानं नवा क्रमांक काढला. न वापरलेली कराची जमा आयटीसी-02 नावाच्या फॉर्मनं जुन्याकडून नव्याकडं नेली. गाड्या तिच्याच नावावर होत्या, त्यांच्यासाठी आरटीओचा 31 नंबरचा फॉर्म, प्रत्येक गाडीचा वेगळा. महाखनिजवर नवी नोंदणी. बँकेत वारसाची कागदपत्रं. सॉफ्टवेअरमध्ये नवी कंपनी उघडली, बिलाचा क्रमांक परत एकपासून. तिच्या सहीला नुसता उपचार समजणाऱ्या घरात पुढचे दोन महिने दुसरं काही झालं नाही. काका रोज कुठल्या तरी कचेरीत रांगेत उभे. एका संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "माझं यात काहीच नव्हतं की गं." तक्रार नव्हती त्यात. त्यांना ते नव्यानंच दिसलं होतं.

सगळीकडं ओटीपी तिच्याच फोनवर यायचे. त्यामुळं तो फोन दादा खिशात घेऊन फिरायचा. ओटीपी कुठून येतोय याकडं तो बघायचा नाही, पण मधूनच जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे. "काकी, परवा दोन ब्रास पाहिजे." तो म्हणायचा, पाठवतो. प्रत्येकाला सांगत बसणं त्याला जमायचं नाही. कुणी तरी कधी तरी दुसऱ्याकडून ऐकायचं आणि मग परत फोन करून ओशाळायचं.

जुन्या कंपनीतली माहिती नवीकडं न्यायचं काम माझ्याकडं आलं. हे माझं रोजचं काम आहे. रकाने जुळवायचे, नको ते गाळायचं. प्रत्येक मागणीत शेवटी शेऱ्याची एक जागा होती, ऐच्छिक, बहुतेक लोक ती मोकळीच सोडतात. काकीनं ती मोकळी सोडलेली नव्हती. फोनवर मराठी कळफलक लावून, एका बोटानं लिहिलेलं. वळणाआधी थांबून हाक मारणे. दुपारी हॉर्न नको, म्हातारी झोपते. कुत्रं बांधलेलं नसतं. विहिरीच्या कडेला गाडी लावू नये, माती ओली. खडी पुढं, वाळू मागं टाकणे, त्यांना उलटं लागतं. मुलगी बाळंतपणाला आली आहे, धूळ करू नये. यंदा भात गेला, पैशाचं बोलू नये. मुलगा गेला, पैशाचं बोलू नये. त्यातल्या काहींना मी ओळखत होते. पुष्कळांना नाही. अशा हजारो ओळी. नव्या कंपनीत शेरा आणायचा की नाही हा माझ्या कामात एका टिचकीचा प्रश्न असतो, आणि जागा वाचवायला आम्ही तो सहसा आणत नाही. मी आणला. तो नियम मी गिऱ्हाइकांना शिकवते, त्यामुळं हे कुणाला सांगितलेलं नाही.

22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. आदल्या रात्री दादानं एका जागी दर बदलला आणि सकाळच्या पहिल्या गाडीपासून बिलं बरोबर निघाली. पूर्वीच्या दिवसांत महिनाभर गोंधळ झाला असता, जुन्या दराची पोती, नव्या दराची पोती. तो मला सांगत होता आणि मधेच म्हणाला, आईनं आधी आठवडाभर सिमेंट घेऊ दिलं नसतं. खरं होतं. त्यानं घेतलेलं होतं.

उरली उधारी. जुन्या कंपनीतली येणी वारसांची, ती नव्या वहीत आरंभीची बाकी म्हणून आणता येतात. यादी मोठी नव्हती, पण तिच्यात वीस-बावीस नावं अशी होती की ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं काहीच आलेलं नव्हतं आणि तरीही माल जात राहिला होता, काकीच्या मंजुरीनं. धरणाच्या वरच्या वाड्यांवरची घरं. दोन जणांची बायको गेलेली, एक आश्रमशाळेतला शिपाई, एक काकीच्या माहेरचा दूरचा भाऊ. लेखापाल म्हणाला, बुडीत टाका, एकदाचं मोकळं व्हा. दादा तयार होता. वरून तो म्हणाला की या सगळ्यांची उधारीची मर्यादा शून्य करून टाकू, म्हणजे सॉफ्टवेअरच अडवेल, आपल्याला तोंडानं नाही म्हणायला नको. त्याचं चुकीचं नव्हतं. डोक्यावर तीन गाड्यांचे हप्ते आहेत.

काकांनी यादी वाचायला मागितली. पडद्यावर त्यांना दिसेना म्हणून मी छापून आणली. ते एकेक नाव वाचत गेले, एखाद्यापाशी थांबायचे, "याचं घर झालं का पुरं?" दादा म्हणायचा, नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, मर्यादा काय असती ही. मी सांगितलं. शून्य टाकलं तर गाडी सुटत नाही. आकडा टाकला तर तेवढ्यापर्यंत सुटते.

"आणि काहीच नाय टाकलं तर?"

मोकळं ठेवलं तर ते मर्यादा नाही असं धरतं, मी म्हटलं. सिस्टीम अडवत नाही.

"मग मोकळं ठेव," काका म्हणाले.

दादा उठून बाहेर गेला, काट्यावर गाडी आली होती. परत आला तेव्हा मी नोंदी जतन केलेल्या होत्या. त्यानं त्या उघडून बघितल्या, बदलल्या नाहीत, लेखापालाला मात्र सांगू नको म्हणाला. त्या हिवाळ्यात यादीतले दोघं येऊन थोडे थोडे पैसे देऊन गेले. काकीच्या माहेरचा तो दूरचा भाऊही आला. तो दोन ब्रास वाळू आणि पंधरा पोती सिमेंट आणखी उधार घेऊन गेला.